जादूगाराचें परिचयपत्र आणि त्याचा लौकिक

वकिलाच्या दारावर पाटी असते, डॉक्टराच्या भिंतीवर पदवीची चौकट असते, आणि शिक्षकालाही नोकरी मागतांना विद्यापीठाचा कागद पुढें करावा लागतो. जादूगारापाशीं असें कांहीं नसतें. त्याच्या कलेला सर्वत्र चालेल अशी पदवी नाहीं आणि तिची परीक्षा घेणारें सरकारी खातेंही नाहीं. त्यांतून त्याच्या धंद्याची गंमत अशी कीं, "मी आतां तुम्हांला फसविणार आहें" असें तो उघड सांगतो आणि लोक पैसे देऊन त्याच्यापुढें बसतात. अशा मनुष्यानें आपण अमुक ठिकाणीं प्रयोग केले, अमुक लोकांनीं आपली वाहवा केली, असें लिहून दिलें तर त्यावर विश्वास कोणीं व कां ठेवावा? आमच्या स्नेहसंमेलनांत पत्त्यांचे व रुमालांचे खेळ करून टाळ्या मिळविणारे विद्यार्थी दर वर्षीं दोन-तीन तरी निघतात, आणि मागाहून त्यांचे पालक आम्हांस हळूच विचारतात, "मास्तर, ह्या नादाचें पुढें कांहीं होण्यासारखें आहे का? आणि धंदा सचोटीचा तरी आहे का?" ह्यांतील दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर, जादूगार आपली ओळख लोकांस कशी करून देतो ह्यावर पुष्कळसें अवलंबून आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणून त्याचें परिचयपत्र व त्याचा लौकिक ह्यांविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, परिचयपत्र वाचणारा मनुष्य हा प्रेक्षक नव्हे. तो एखाद्या शाळेचा मुख्याध्यापक असतो, गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस असतो, किंवा कारखान्याच्या वार्षिक समारंभाचा व्यवस्थापक असतो. त्याला थक्क व्हावयाचें नसतें; त्याला काळजी असते. हा गृहस्थ वेळेवर येईल ना? दोनशें मुलांपुढें ह्याचा आवाज पोंचेल ना? ह्याचे विनोद घरांतील बायकामुलांसमोर शोभतील ना? पडद्याला आग तर लावून ठेवणार नाहीं ना? ह्या प्रश्नांचीं उत्तरें ज्या कागदांत आहेत तो कागद चांगला. "प्रयोग ४५ मिनिटांचा; मंच १५ फूट रुंद असल्यास पुरे; दोन टेबलें व एक ध्वनिक्षेपक लागेल; मांडणीस अर्धा तास; सोबत एक मदतनीस; भाषा मराठी व हिंदी; सात वर्षांवरील मुलांस योग्य" ह्या रुक्ष ओळी 'जादूसम्राट' आणि 'मायानगरीचा महामेरू' ह्या पदव्यांपेक्षां अधिक काम करतात. चिटणीसांना महामेरू नको असतो. किती वाजतां येणार तें हवें असतें.

पूर्वीं केलेल्या प्रयोगांची यादी द्यावी ती स्थळ, प्रसंग व वर्ष यांसह, आणि ज्यांस विचारून खात्री करून घेतां येईल अशा माणसाचें नांव, अर्थात् त्याच्या परवानगीनें, जोडावें. प्रयोग तीनच झाले असतील तर तीनच लिहावे. प्रशस्तिपत्रांचेंही तसेंच. "कार्यक्रम फार छान झाला, सर्वांस आवडला" असें पत्र कोणीही कोणालाही देतो. परंतु "मध्यंतरीं वीज गेली, तरी ह्यांनीं कंदिलाच्या उजेडांत दोरीचे खेळ करून मुलांना वीस मिनिटें जागच्या जागीं बसवून ठेविलें" असें एखादें पत्र मिळालें तर तें मखमलींत गुंडाळून ठेवण्याच्या योग्यतेचें समजावें. हल्लीं आयोजक चलच्चित्रही मागतात. तें खऱ्या प्रेक्षकांसमोर, मध्यें कोठेंही न तोडतां घेतलेलें असावें. कारण फीत कापून जोडण्याची सोय असल्यावर कोणाचाही ससा टोपींतून निघूं शकतो. सशावरून आठवलें: कबुतरें व ससे मंचावर आणणाऱ्यांनीं हें जाणून असावें कीं, प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमान्वयें खेळांतील प्राण्यांची नोंदणी करावी लागते, आणि नागाचें तर, १९७२ च्या वन्यजीव अधिनियमानंतर, नांवच काढूं नये. रुमाल व दोरी ह्यांना कोणताच कायदा आडवा येत नाहीं.

आतां लौकिकाविषयीं. कागद हातीं पडण्यापूर्वींच मनुष्याचें नांव, त्याचा वेष व त्याच्याविषयीं चाललेलें बोलणें ह्यांवरून लोकांनीं त्याचें एक चित्र मनांत रेखाटलेलें असतें. हें चित्र जाणूनबुजून घडवितां येतें हें ज्यांनीं ओळखलें त्यांत फ्रान्समधील रॉबेर-हूदँ (१८०५–१८७१) ह्याचें नांव मोठें आहे. हा मूळचा घड्याळजी. १८४५ सालीं पॅरिसच्या पाले-रॉयालमध्यें त्यानें आपलें लहानसें नाट्यगृह उघडलें. त्या काळीं पुष्कळ जादूगार लांब झगे घालून आणि जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या वस्त्रांनीं झांकलेलीं टेबलें मांडून खेळ करीत; त्या वस्त्रांआड कांहींतरी दडलेलें आहे अशी शंका लहान मुलालाही यावी. रॉबेर-हूदँनें हा सर्व पसारा काढून टाकला, मंच एखाद्या सभ्य गृहस्थाच्या दिवाणखान्यासारखा सजविला, आणि प्रेक्षक संध्याकाळीं जो पोशाख करून येत तोच करून तो त्यांच्यापुढें उभा राहिला. मी तुमच्यांतलाच एक आहें, फक्त माझे हात अधिक शिकलेले आहेत, असें तो पोशाखच सांगत असे. आमचे विद्यार्थी जादूगार म्हटला कीं काळा कोट व उंच टोपी भाड्यानें आणूं पाहतात. पण त्याच्या वेळीं जो नित्याचा पोशाख होता तो आज सोंगाचा झाला आहे. त्याचें खरें अनुकरण करावयाचें तर स्वच्छ धुतलेला, नीट इस्त्री केलेला आपला नित्याचाच पोशाख घालावा.

ह्याच गृहस्थाला १८५६ सालीं फ्रेंच सरकारनें अल्जीरियांत पाठविलें, तें तेथील धर्मपुरुषांचा लोकांवरील पगडा कमी करण्यासाठीं. विद्युच्चुंबकाच्या योगें त्यानें एक लहानशी पेटी अशी जड करून दाखविली कीं धट्टाकट्टा पुरुषही ती उचलूं शकेना. परक्या सत्तेनें जितांना दिपविण्यासाठीं जादूगार धाडावा, हा प्रकार आम्हांस कौतुकाचा वाटत नाहीं. पण जादूगाराच्या लौकिकाचें वजन किती असूं शकतें तें ह्यावरून कळतें.

त्याच्याच नांवाला एक अक्षर जोडून हॅरी हूडिनी (१८७४–१९२६) हा जगप्रसिद्ध झाला. ह्याची हकीकत परिचयपत्राच्या दृष्टीनें फारच बोधक आहे. आरंभीं तो स्वतःस 'पत्त्यांचा राजा' म्हणवीत असे आणि पत्ते, रुमाल, पेटी, जें जमेल तें करून दाखवी. १८९८ च्या सुमारास तो इतका निराश झाला होता कीं, आपलीं रहस्यें विकण्यास काढून त्यानें एक यादी छापली. पण गिऱ्हाईक मिळालें नाहीं. पुढल्या वर्षीं अमेरिकेंतील सेंट पॉल शहरीं मार्टिन बेक नांवाच्या नाट्यव्यवस्थापकानें त्याचा खेळ पाहिला व सल्ला दिला तो थोडक्यांत असा कीं, हें किरकोळ सोडा आणि बेड्यांतून सुटण्यावर भर द्या. हूडिनीनें तें ऐकलें, आणि त्याचें भाग्य पालटलें. वीस गोष्टी बऱ्यापैकीं येतात असें लिहिणाऱ्यापेक्षां एक गोष्ट आपल्यासारखी दुसऱ्यास येत नाहीं असें दाखविणारा लोकांच्या लक्षांत राहतो.

तथापि आमच्या मतें त्याची खरी हुशारी पुढेंच आहे. गांवांत खेळ लागण्यापूर्वीं तो तेथील पोलीस ठाण्यावर जाई, आपली झडती घ्यावयास लावी, त्यांच्याच बेड्या हातांत घालून घेई, आणि सुटला म्हणजे अधिकाऱ्याकडून तसें लेखी मागून घेई. हीं पत्रें छापून तो पुढल्या गांवीं दाखवी. जादूगारानें स्वतःविषयीं सांगितलेलें कोण खरें मानणार? पण पोलीस अधिकारी सही करतो तेव्हां त्याला जादूगाराचें भलें करावयाचें नसतें, उलट त्याची फजितीच करावयाची असते. म्हणून ती सही मोलाची. १९०० सालीं लंडनमध्यें स्कॉटलंड यार्डच्या बेड्यांतून सुटून दाखविल्यावरच तेथील अल्हम्ब्रा नाट्यगृहाचीं दारें त्याला उघडलीं, असें सांगतात. पुढें जर्मनींत एका पोलीस अधिकाऱ्यानें त्याला लबाड ठरविलें, तेव्हां त्यानें अब्रूनुकसानीची फिर्याद लावली, १९०२ सालीं कोलोनच्या न्यायालयांत कुलुपांतून सुटून दाखविलें, आणि दावा जिंकला. दुसरा एखादा 'प्रसिद्धी तर झाली' म्हणून गप्प बसला असता. गमतीची गोष्ट अशी कीं, पत्रांविषयीं इतका दक्ष असलेला हा मनुष्य आपलें जन्मगांव मात्र अमेरिकेंतील ॲपलटन म्हणून सांगे. खरोखर तो जन्मला बुडापेस्टमध्यें.

ह्याहून पुष्कळच पुढें गेलेला एक जादूगार होऊन गेला, व त्याची कथा थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. विल्यम रॉबिन्सन हा १८६१ सालीं न्यूयॉर्क राज्यांत जन्मलेला अमेरिकन. केलर व हर्मन ह्या नामांकित जादूगारांच्या हाताखालीं त्यानें वर्षानुवर्षें काम केलें; यंत्रें व युक्ती ह्यांत तो निष्णात होता, पण प्रेक्षकांशीं बोलण्याची हातोटी त्याला नव्हती. त्याच सुमारास चिंग लिंग फू नांवाचा खराखुरा चिनी जादूगार अमेरिकेंत गाजत होता. रॉबिन्सननें डोकें भादरून शेंडी लावली, रेशमी झगा घातला, चुंग लिंग सू हें नांव घेतलें, आणि १९०० पासून युरोपांत त्याच थाटाचे खेळ करण्यास आरंभ केला. मंचावर तो बोलतच नसे. वार्ताहर भेटावयास आले तर दुभाष्यामार्फत उत्तरें देई. १९०५ सालीं दोघे एकाच वेळीं लंडनांत होते. फूनें त्याला खोटा ठरवून आव्हान दिलें. पण ठरल्या वेळीं फू स्वतःच आला नाहीं, आणि नक्कल जिंकली, अस्सल हरला. पुढें १९१८ च्या मार्च महिन्यांत लंडनच्या वुड ग्रीन एम्पायर नाट्यगृहांत बंदुकीची गोळी झेलण्याचा खेळ चालू असतां, बंदुकींतील युक्ती बिघडून खरोखरीची गोळी त्याच्या छातींत शिरली. तेव्हां तो मंचावर इंग्रजींत बोलला, पडदा पाडावयास सांगितलें, आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला.

मंचावर चिनी वेष घेणें हें नटाचें काम आहे व त्याला आमची हरकत नाहीं. नाटकांत राजा झालेल्या नटाला कोणी खोटारडा म्हणत नाहीं. परंतु पडदा पडल्यावर वार्ताहरासमोर तोच वेष कायम ठेवणें, आणि तेंही दुसऱ्या जिवंत कलावंताचें रूप उचलून, त्याची भाकर निम्मी करून, हें निराळें. परिचयपत्र हें पडद्याच्या बाहेरचें स्थान आहे. तेथें वेष चालत नाहीं.

आपल्या देशांत ह्या विद्येंत सर्वांत मोठा गाजावाजा झाला तो बंगालच्या प्रतुलचंद्र सरकार ह्यांचा (१९१३–१९७१). आपल्या आडनांवाचीं इंग्रजी अक्षरें त्यांनीं अशीं बदललीं कीं जादूगार ह्या अर्थाच्या 'सॉर्सरर' ह्या इंग्रजी शब्दाची आठवण व्हावी. 'जगांतील सर्वश्रेष्ठ जादूगार' ही पदवीही त्यांनीं स्वतःच घेतली. आमच्या विद्यार्थ्यानें असें लिहिलें तर आम्ही लाल शाईनें खोडूं. परंतु महाराजाचा अंगरखा व तुरेदार फेटा घालून त्यांनीं 'इंद्रजाल' देशोदेशीं नेलें, तेव्हां भारतीय जादूगार म्हणजे रस्त्यावर बसणारा फकीर, ही परकीयांची समजूत बदलली, हें मान्य केलें पाहिजे. ९ एप्रिल १९५६ रोजीं बी.बी.सी.च्या 'पॅनोरामा' ह्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत त्यांनीं एका मुलीला करवतीनें कापण्याचा खेळ केला. मुलगी उठेना, त्यांनीं तिच्या तोंडावर कापड ओढलें, इतक्यांत निवेदकानें कार्यक्रम संपल्याचें सांगितलें. मुलगी मेली असें समजून लोकांनीं दूरध्वनींचा इतका भडिमार केला कीं बी.बी.सी.ची दूरध्वनियंत्रणा अपुरी पडली. कार्यक्रमाची वेळ संपली होती, एवढेंच कारण दिलें गेलें. वर्तमानपत्रांनीं दुसऱ्या दिवशीं तीच बातमी ठळक छापली, आणि लंडनमधील त्यांच्या खेळांचीं तिकिटें हां हां म्हणतां संपलीं. मुलगी अर्थातच सुखरूप होती.

आपल्या पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४), ह्यांनीं मराठी घरांत 'जादूगार' ह्या शब्दाला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि 'प्रवासी जादूगार' हें पुस्तकही लिहिलें. खेडेगांवांतून आलेल्या मुलाला हा मार्ग बंद नाहीं, हें पालकांनीं ह्यांच्याकडे पाहून समजावें.

लौकिक आणि काम ह्यांची फारकत कशी होते ह्याचें सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र कोणा एका जादूगाराचें नव्हेच. हवेंत दोर ताठ उभा करून मुलगा त्यावर चढतो व नाहींसा होतो, ही 'भारतीय दोराची जादू' जगभर प्रसिद्ध आहे. ही कीर्ति बव्हंशीं एका बातमीची करामत आहे. १८९० सालीं शिकागोच्या 'ट्रिब्यून' पत्रानें प्रत्यक्ष पाहिलेली म्हणून तिची हकीकत छापली; कांहीं महिन्यांनीं ती बनावट असल्याचें त्याच पत्रानें कबूलही केलें. पण कबुली वाचली थोड्यांनीं, आणि गोष्ट पसरली सर्वत्र. १९३४ सालीं लंडनच्या जादूगारांनीं ती करून दाखविणारास ५०० गिनींचें बक्षीस लाविलें. कोणी तें नेलें नाहीं.

इकडे ज्या गारुड्यांनीं व मदाऱ्यांनीं टोपलींतला मुलगा, आंब्याचें झाड, वाट्या आणि गोळे हे खेळ उन्हांत, चहूंकडून वेढलेल्या गर्दींत, पिढ्यान्पिढ्या केले, त्यांच्यापाशीं एकही कागद नसतो. भीक मागण्यास आळा घालणाऱ्या १९५९ च्या मुंबई कायद्यानें तर सार्वजनिक जागीं खेळ करून पैसे घेणें हेंही भिक्षेच्या व्याख्येंत घातलें. दिल्लींत लागू असलेल्या ह्या कायद्यांतील भीक मागणें गुन्हा ठरविणारीं कलमें दिल्ली उच्च न्यायालयानें २०१८ सालीं घटनाबाह्य ठरविलीं. एकाच विद्येचे दोन पुरुष: एकाच्या खिशांत छापील परिचयपत्र, म्हणून तो कलावंत, दुसऱ्याच्या खिशांत कांहीं नाहीं, म्हणून तो भिकारी. कागदाचा आम्ही एवढा विचार कां करीत आहों, तें ह्यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

महाराष्ट्रांत आणखी एक सावधगिरी अवश्य आहे. जादूटोणा व अघोरी प्रथा ह्यांविरुद्ध आपल्या राज्यांत २०१३ सालीं कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणें व लोकांस फसविणें हा त्याखालीं गुन्हा आहे. म्हणून "हे सर्व खेळ हातचलाखीचे व शास्त्राच्या आधारें केलेले आहेत, ह्यांत कोणतीही दैवी शक्ति नाहीं" अशी एक ओळ परिचयपत्रांत ठळक असावी. भोंदू बाबांचे चमत्कार उघडे पाडणारे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते ह्याच युक्ती गांवोगांव करून दाखवितात व मग त्या समजावूनही देतात. केलरच्या जाहिरातींवर त्याच्या खांद्यावर बसून कानांत कुजबुजणारे लाल सैतान रंगविलेले असत. अमेरिकन प्रेक्षक तें नुसतें शोभेचें चित्र मानीत. आपल्याकडे तसलें चित्र लावून भोळ्या माणसांच्या मनांत नसती भीति घालूं नये.

मुलींनीं हा लेख मुलांसाठीं आहे असें समजूं नये. लंडनचें 'मॅजिक सर्कल' हें मंडळ १९०५ सालीं स्थापन झालें. तेथें सभासद होऊं इच्छिणारास आपली पात्रता सिद्ध करून दाखवावी लागते, त्यामुळें त्याचें सभासदत्व हाच एक दाखला समजला जातो. १९९१ पर्यंत स्त्रियांना तेथें प्रवेश नव्हता. त्या वर्षीं सोफी लॉइड ह्या तरुणीनें रेमंड लॉइड ह्या नांवानें पुरुषवेषांत परीक्षा दिली. हात बायकी दिसूं नयेत म्हणून तिनें हातमोजे घातले होते; हातमोजे घालून हातचलाखी करणें किती कठीण तें एकदां नाणें घेऊन करून पाहावें. ती उत्तीर्ण झाली. पुढें स्त्रियांना प्रवेश खुला झाल्यावर तिनें खरें काय तें सांगितलें, तेव्हां फसवणूक केली म्हणून मंडळानें तिलाच काढून टाकलें! २०२५ सालीं मंडळानें तिची क्षमा मागून तिला सन्मानानें परत घेतलें. चुंग लिंग सूनें खोटें रूप घेतलें तें दुसऱ्याची जागा घेण्यासाठीं; हिनें घेतलें तें बंद दार ठोठावण्यासाठीं, आणि दार उघडतांच आपण होऊन टाकून दिलें. दोघांना आम्ही एका मापानें मोजणार नाहीं.

ज्यांस ह्या विद्येची खरोखर ओढ आहे त्यांनीं छापील कागदाची घाई न करतां एक दोनशें पानी वही घालावी. प्रत्येक प्रयोगानंतर, मग तो मावशीच्या ओसरीवर का होईना, त्यांत तारीख, स्थळ, प्रेक्षक किती, कोणते खेळ कोणत्या क्रमानें केले, किती मिनिटें लागलीं व कोठें बिघडलें, हें त्याच रात्रीं लिहावें. ह्याचा एक रोकडा उपयोग असा कीं, त्याच मंडळींपुढें दुसऱ्यांदां जाण्याचा प्रसंग आला म्हणजे तोच खेळ पुन्हां होत नाहीं. एकदां चकलेले डोळे दुसऱ्या वेळीं फार तीक्ष्ण होतात. चार-पांच वर्षांनीं ह्याच वहींतून परिचयपत्र आपोआप निघेल, आणि त्यांतील ओळ न् ओळ कोणी पडताळून पाहिली तरी बिघडणार नाहीं. वहीचें पहिलें पान भरण्यास आमचें स्नेहसंमेलन आहेच. मंच २० फूट रुंद आहे, टेबल शाळेचें मिळेल, आणि प्रत्येकास आठ मिनिटें दिलीं जातात, नऊ नव्हेत.